बोल्टच्या डोक्यावरचा आकडा

ऊसगाळपाचा हंगाम सुरू झाला की फलटण तालुक्यातल्या रस्त्यांचे रूप पालटते. साखरवाडीकडे, लोणंदकडे, बारामतीकडे जाणाऱ्या रस्त्यांवर एका ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉली, त्यावर ड्रायव्हरच्या डोक्याहून कितीतरी उंच रचलेला ऊस आणि त्याच रस्त्याने शाळेला जाणारी मुले, दुधाच्या किटल्या घेतलेले दुचाकीस्वार, एसटी. हंगामाच्या तोंडावर पोलीस, परिवहन विभाग आणि साखर कारखाने ट्रॉलींना रिफ्लेक्टर लावण्याची मोहीम घेतात. ती आवश्यकच आहे. अंधारात मागून येणाऱ्याला ट्रॉली दिसली पाहिजे. पण दिसणारी ट्रॉली आपल्या चाकांवर आणि ट्रॅक्टरच्या मागेच राहील की नाही, हे रिफ्लेक्टर ठरवत नाही. ते ठरवतात चाकाच्या हबवरचे मोजके नट, पाटे आवळून धरणारे यू-बोल्ट आणि ट्रॅक्टरला ट्रॉली जोडणारी एक पिन.

चाक निखळणे, ट्रॉली सुटणे हे प्रकार ऊसपट्ट्याला नवे नाहीत. त्यानंतरची चर्चा बहुधा चालकाचा वेग, रस्त्यातले खड्डे आणि जादा भार यांपाशी थांबते. ही कारणे खरीच असतात. मात्र त्या भाराखाली नेमके काय तुटले, ते कोणत्या पोलादाचे होते आणि ते किती आवळलेले होते, हे प्रश्न क्वचितच विचारले जातात. नट-बोल्ट ही इतकी किरकोळ वस्तू वाटते की तिलाही काही विज्ञान असते याचाच विसर पडतो.

खरे तर हा भाग यंत्रांना अपरिचित नाही. सांगली जिल्ह्यातल्या किर्लोस्करवाडीची स्थापना १९१० सालची. तिथे लोखंडी नांगर घडले. साताऱ्याच्या कूपर कारखान्याला शतक उलटून गेले. खुद्द फलटणला कमिन्सचा मोठा औद्योगिक प्रकल्प आहे. डिझेल इंजिन जोडताना महत्त्वाच्या प्रत्येक बोल्टचा दर्जा ठरलेला असतो, तो कोणत्या क्रमाने आणि किती पिळायचा हेही ठरलेले असते. तिथे ‘हाताला घट्ट लागला’ हे उत्तर चालत नाही. त्याच तालुक्यातल्या रस्त्याकडेच्या गॅरेजमध्ये मात्र दहा टन उसाची ट्रॉली पान्याला पाइप लावून, अंदाजाने आवळली जाते. यात गॅरेजमधल्या कारागिराच्या कौशल्याचा दोष नाही. कारखान्याच्या फाटकाच्या आत जे ज्ञान रोजच्या वापरात आहे ते फाटकाबाहेर पोचवण्याची जबाबदारी कोणी घेतलेली नाही, ही अडचण आहे.

आकडा काय सांगतो?

हार्डवेअरच्या दुकानात दोन प्रकारचे बोल्ट मिळतात. एकाला ‘एमएस’ म्हणजे साधा म्हणतात, दुसऱ्याला ‘एचटी’ म्हणजे हाय टेन्साइल. जाडी तीच, लांबी तीच, आटेही तेच. शेजारी ठेवले तर फरक सांगणे कठीण. फरक सांगतो तो बोल्टच्या षटकोनी डोक्यावर इंग्रजी आकड्यांत उमटवलेला दर्जा : ४.६, ८.८, १०.९ किंवा १२.९. भारतीय मानक १३६७ आणि आंतरराष्ट्रीय मानके या दोन्हींत या आकड्यांचा अर्थ एकच आहे.

पहिल्या आकड्याला १०० ने गुणले की एक चौरस मिलिमीटर पोलाद किती न्यूटन ओढ लागली की तुटेल ते कळते. ८.८ मध्ये ते ८०० न्यूटन, म्हणजे सुमारे ८० किलो वजनाची ओढ. एक चौरस मिलिमीटर म्हणजे साधारण खसखशीच्या दाण्याएवढी जागा. तेवढ्या पोलादाला एक भरदार माणूस लटकला तर ते तुटण्याच्या बेताला येईल, असा त्याचा अर्थ. टिंबानंतरचा आकडा दुसरी आणि अधिक महत्त्वाची गोष्ट सांगतो. तुटण्याआधी पोलाद कायमचे ताणले जाते, पुन्हा मूळ लांबीवर येत नाही. हे तुटण्याच्या ओढीच्या किती हिश्श्यावर घडेल, ते तो आकडा सांगतो. ८.८ मध्ये ते ८०० च्या आठ दशांशांवर, म्हणजे ६४० न्यूटनवर घडते, ४.६ मध्ये ४०० च्या सहा दशांशांवर, म्हणजे अवघ्या २४० वर.

हाच हिशेब १२ मिलिमीटरच्या नेहमीच्या बोल्टला लावून पाहता येतो. आटे कापल्यामुळे अशा बोल्टचा भार पेलणारा गाभा सुमारे ८४ चौरस मिलिमीटरचा उरतो. ४.६ दर्जाचा बोल्ट साधारण दोन टन ओढीला कायमचा ताणला जाईल आणि साडेतीन टनांच्या आसपास तुटेल. ८.८ दर्जाचा बोल्ट साडेपाच टनांपर्यंत ओढ सोडताच मूळ लांबीवर येईल आणि सात टनांच्या जवळ गेल्यावर तुटेल. दिसायला जुळे भाऊ, पण कामाच्या ताकदीत अडीच पटींहून अधिक अंतर. डोक्यावर काहीच आकडा नसेल तर तो बोल्ट सर्वांत कमी दर्जाचा आहे असे धरून चालणेच शहाणपणाचे.

चकाकी पाहून फसू नये, हेही इथेच सांगितले पाहिजे. स्टेनलेस स्टीलचा बोल्ट गंजत नाही म्हणून तो अधिक मजबूत असावा असा समज आहे. बाजारात सर्रास मिळणाऱ्या ए२-७० या स्टेनलेस बोल्टची तुटण्याची मर्यादा ७०० न्यूटन आहे, आणि तो ४५० च्या आसपासच कायमचा ताणला जातो. म्हणजे काळपट दिसणारा ८.८ त्याच्याहून सरस. उलट टोकाला, १२.९ सर्वांत ताकदवान म्हणून तोच सगळीकडे लावावा असेही नाही. पोलाद जितके कठीण, तितके ते धक्क्याला आणि गंजातून पडणाऱ्या भेगांना हळवे. ज्या जागी यंत्र बनवणाऱ्याने ८.८ सांगितला आहे तिथे ८.८ च योग्य.

बोल्ट म्हणजे खिळा नव्हे

बोल्टविषयीचा सर्वांत मोठा गैरसमज तो कसा काम करतो याबद्दलचा आहे. बोल्ट भोकात बसला, दोन भाग त्याच्यामुळे हलत नाहीत, म्हणजे तो खिळ्यासारखा आडवा उभा राहून भार पेलतो असे वाटते. प्रत्यक्षात चांगल्या जोडणीत बोल्टचे काम वेगळे असते. नट फिरवला की बोल्ट रबर बँडसारखा ताणला जातो आणि पूर्ववत होऊ पाहताना दोन्ही भागांना एकमेकांवर दाबून धरतो. भार पेलते ते या दाबातून निर्माण होणारे घर्षण. बोल्ट ही खरे तर एक अतिशय ताठ स्प्रिंग आहे.

ती किती ताणली जाते? सहा सेंटिमीटर जाडीचे भाग आवळणारा ८.८ चा बोल्ट योग्य आवळल्यावर सुमारे ०.१३ मिलिमीटरने लांबतो. म्हणजे माणसाच्या दोनेक केसांच्या जाडीइतका. साऱ्या जोडणीची सुरक्षितता या दोन केसांवर उभी असते. हबच्या तोंडावर रंगाचा जाड थर राहिला, गंजाची पापडी राहिली, माती अडकली, तर पहिल्या काही खेपांत तो थर चेपला जातो. एक केसभर चेपला तरी बोल्टमधला निम्मा ताण निघून जातो. नट जागचा हललेलाही नसतो, तरी जोडणी ढिली पडलेली असते. चाक बदलल्यावर पन्नास-शंभर किलोमीटरनंतर नट पुन्हा तपासावेत, असे वाहन कंपन्या सांगतात त्यामागे हे कारण आहे.

त्या ताणाची किंमत एका साध्या उदाहरणाने कळेल. समजा, ट्रॉलीच्या एका चाकाला सहा स्टड आहेत आणि प्रत्येक स्टड चार टनांनी आवळलेला आहे. चाक हबवर एकूण २४ टनांनी दाबले गेले. पोलादावर पोलाद घसरताना घर्षण दाबाच्या सुमारे १५ टक्के धरले तर हे चाक हबवरून सरकवायला ३.६ टन जोर लागेल. दहा टनांच्या चारचाकी ट्रॉलीत एका चाकावर अडीच टन येतात. म्हणजे चाक सरकणार नाही आणि स्टडला आडवा धक्का बसणार नाही. आता नट निम्मे ढिले झाले असे मानू. धरून ठेवणारे बळ १.८ टनांवर आले. अडीच टनांपुढे ते अपुरे. चाक हबवर किंचित सरकू लागते आणि प्रत्येक फेऱ्यात स्टडला वाकवते, सोडते, पुन्हा वाकवते.

ट्रॉलीचे चाक एका किलोमीटरला साधारण ३५० फेरे घेते. शेतापासून कारखाना वीस किलोमीटरवर असेल तर एका भरल्या खेपेत सात हजार फेरे. शंभर खेपांत सात लाख. एका झटक्यात न तुटणारे लोखंड वारंवारच्या लहान धक्क्यांनी तुटते, हे रेल्वेच्या आसांवर प्रयोग करून ऑगस्ट व्होलर या जर्मन अभियंत्याने एकोणिसाव्या शतकातच दाखवून दिले होते. याला धातूचा थकवा म्हणतात. तार पुढे-मागे वाकवून तोडणाऱ्या प्रत्येकाने तो अनुभवला आहे. अशा थकव्याने तुटलेल्या स्टडचे तोंड पाहिले तर त्याचा एक भाग गुळगुळीत, काळपट दिसतो. तिथे भेग हळूहळू वाढत गेलेली असते. उरलेला भाग खडबडीत आणि ताजा असतो. तो शेवटच्या क्षणी तुटलेला असतो. ‘अचानक तुटला’ असे म्हटले जाते, पण बहुतेक वेळा तो कित्येक दिवस तुटत असतो.

आवळण्याचे माप

मग भरपूर आवळला की झाले, असे वाटणे स्वाभाविक आहे. तिथेही विज्ञान आडवे येते. पान्याने लावलेल्या जोरापैकी साधारण निम्मा नटाच्या बुडाखालच्या घर्षणात जातो, चाळीस टक्क्यांच्या आसपास आट्यांमध्ये जातो, आणि बोल्ट ताणण्यासाठी जेमतेम दहा टक्के उरतो. म्हणून हाताला लागणारा जोर आणि बोल्टमधला खरा ताण यांचे नाते फसवे असते. गंजलेल्या आट्यांवर नट घट्ट लागतो, पण बोल्ट ताणलेलाच नसतो. तेल लावलेल्या आट्यांवर तोच जोर बोल्टला एक तृतीयांशाने जास्त ताणू शकतो.

१२ मिलिमीटरच्या ८.८ बोल्टला कोरड्या आट्यांवर सुमारे ९० न्यूटन-मीटर पीळ पुरतो. एक फुटाच्या पान्याच्या टोकाला तीस किलोचा जोर लावला की तेवढा पीळ होतो. धडधाकट माणसाला तो सहज जमतो. त्याच पान्यावर मीटरभर लांबीचा पाइप चढवून तेवढाच जोर लावला की पीळ तिपटीवर जातो. एवढा पीळ सोसण्याआधीच बोल्ट कायमचा ताणला जातो, त्याची मान बारीक होते, किंवा आटे खरवडले जातात. लावणाऱ्याला मात्र समाधान वाटते की काम पक्के झाले. पाइप लावून आवळलेला बोल्ट पुष्कळदा तुटण्याच्या वाटेवर अर्धा गेलेला असतो.

अस्थिरोगतज्ज्ञांना हा नियम चांगला ठाऊक असतो. मोडलेल्या हाडाला धातूची पट्टी लावताना स्क्रू जादा पिळला तर हाडातले आटे निसटतात आणि पकड संपते. वयामुळे हाडे ठिसूळ झालेल्या रुग्णात तर हा धोका अधिक. म्हणून काही प्रकारच्या स्क्रूंसाठी ठरावीक पीळ येताच थांबणारा पेचकस वापरतात. अति आवळणे म्हणजे अधिक काळजी नव्हे, हे शस्त्रक्रियागृहात मान्य आहे. ते गॅरेजमध्येही मान्य व्हायला हवे. तिथे त्यासाठीचे साधन म्हणजे टॉर्क रेंच. ठरवलेला पीळ आला की तो ‘टक्’ असा आवाज देतो.

नट सुटू नये म्हणून केले जाणारे काही उपायही तपासून पाहण्यासारखे आहेत. कापलेल्या कड्यासारखा स्प्रिंग वॉशर घातला की नट सुटत नाही, यावर अनेकांचा विश्वास आहे. जर्मनीचे गेरहार्ड युंकर यांनी १९६९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांतून दिसले, की नट सुटतो तो मुख्यतः आडव्या हादऱ्यांनी, जोडलेले भाग एकमेकांवर सरकू लागले की. त्या प्रकारच्या चाचणीत असा वॉशर फारसा उपयोगी पडत नाही. पुरेसा ताण हाच नटाचा खरा राखणदार. दुसरा उपाय नटाला वेल्डिंगचा टाका मारण्याचा. ८.८ आणि त्यावरच्या बोल्टची ताकद पोलाद तापवून, विझवून, पुन्हा ठरावीक उष्णता देऊन आणलेली असते. वेल्डिंगची धग ती ताकद घालवते. गॅसवर लालबुंद करून सोडवलेल्या बोल्टचेही तेच. तो काढावा लागला तर काढावा, पण परत लावू नये.

‘याच्यासारखाच द्या’

हार्डवेअरच्या दुकानात जुना बोल्ट दाखवून ‘याच्यासारखाच द्या’ म्हणणे ही सर्वत्रची रीत आहे. त्यात दोन धोके आहेत. जुना बोल्टच मुळात चुकीचा असू शकतो, आणि डोळ्यांना जो सारखा दिसतो तो सारखा असेलच असे नाही. आपल्याकडे तर दोन मापांचा बाजार शेजारीशेजारी नांदतो. अजूनही ‘चार सुताचा बोल्ट’ मागितला जातो. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. चार सूत म्हणजे अर्धा इंच, १२.७ मिलिमीटर. एम-१२ बोल्ट १२ मिलिमीटरचा आणि त्याच्या आट्यांमधले अंतरही वेगळे. अर्ध्या इंचाचा नट त्यावर चढतो, दोन-चार आटे फिरतो आणि अडतो. पान्याने जोर लावला की ‘घट्ट बसला’ असे वाटते. प्रत्यक्षात आट्यांची टोकेच एकमेकांत अडकलेली असतात.

डोळ्यांनी जुळवलेल्या बोल्टने काय होऊ शकते याचा धडा १० जून १९९० रोजी विमानवाहतुकीला मिळाला. बर्मिंगहॅमहून मालागाला निघालेल्या ब्रिटिश एअरवेजच्या विमानाची कॉकपिटची काच सतरा हजार फुटांवर निखळून पडली आणि वैमानिक कंबरेपर्यंत बाहेर ओढला गेला. सहकाऱ्यांनी त्याला वीसेक मिनिटे पाय धरून रोखले, सहवैमानिकाने विमान साउदॅम्प्टनला उतरवले आणि विमानातले सर्व ८७ जण वाचले, वैमानिकासह. चौकशीत निघाले ते असे : आदल्या दिवशीच काच बदलली होती. तिच्या ९० बोल्टांपैकी ८४ बोल्ट अर्ध्या मिलिमीटरहून थोडे अधिक बारीक होते आणि उरलेले सहा आखूड. काम करणाऱ्याने जुना बोल्ट नमुना धरून भांडारातले बोल्ट नजरेने जुळवले होते. आणि तो जुना बोल्टही नियमाप्रमाणे हवा होता त्यापेक्षा आखूडच होता. अनुभवी माणूस, नामांकित कंपनी, कडक नियम, तरीही नजर चुकली. मग धुळीने भरलेल्या दुकानात, मळलेल्या हातांनी, रात्रीच्या दिव्यात ती चुकणार नाही असे कोण म्हणेल?

राज्याने अलीकडेच नट-बोल्टांचा विषय मालवणच्या निमित्ताने ऐकला. राजकोट किल्ल्यावरचा छत्रपती शिवाजी महाराजांचा पुतळा उभारल्यापासून नऊ महिन्यांच्या आत, २६ ऑगस्ट २०२४ रोजी कोसळला. त्याच्या काही दिवस आधी सार्वजनिक बांधकाम विभागाने नट-बोल्ट गंजल्याचे पत्राने कळवले होते. पुढील चौकशीच्या बातम्यांत गंजाबरोबर कमकुवत सांगाडा आणि चुकीचे वेल्डिंग यांचाही उल्लेख आला, तेव्हा सगळा दोष बोल्टवर टाकता येणार नाही. पण बोल्ट बोलत होते आणि ऐकून कृती होण्याआधी वेळ संपली, एवढे नक्की. समुद्राचा खारा वारा फलटणला नाही. मात्र ट्रॉलीतून खत जाते, मळी जाते, शेणखत जाते. खतातले क्षार पोलाद खातात. गंज आधी आट्यांच्या खाचेत शिरतो, म्हणजे जिथे ताण सर्वांत जास्त असतो तिथेच.

पिनेचे वेगळे गणित

ट्रॅक्टर आणि ट्रॉली जोडणाऱ्या पिनेचे काम बोल्टपेक्षा वेगळे. ती खरोखरच आडवा भार पेलते. दोन पाती कात्रीसारखी तिला कापू पाहतात. वीस टनांच्या दोन ट्रॉली सपाट डांबरी रस्त्यावर ओढायला अर्धा टन बळ पुरते. वीस फुटांना एक फूट चढणाऱ्या घाटीवर त्यात आणखी एक टनाची भर पडते. २५ मिलिमीटर जाडीची धड पिन कागदावर याच्या कित्येक पट भार घेते. तरी ती निकामी होते, कारण कागदावर धक्के नसतात. पिन आणि भोक झिजून त्यांत मोकळी जागा झाली की प्रत्येक ब्रेकला, प्रत्येक खड्ड्याला वीस टनांचा हातोडा तिच्यावर आदळतो. पिनेऐवजी हाताला आला तो लांब बोल्ट घातला तर त्याच्या आट्यांची प्रत्येक खाच ही भेगेची तयार सुरुवात असते. आणि पिन न तुटताही, खाली कॉटर पिन नसेल तर हादऱ्यांनी उसळून बाहेर येऊ शकते. म्हणून झिजलेली पिन बदलणे, खाली कॉटर पिन घालणे आणि ट्रॅक्टर-ट्रॉलीत वेगळी सुरक्षा साखळी लावणे या तिन्ही गोष्टी हव्यात. एक चुकली तर दुसरी सावरेल.

काय करता येईल?

यातले काहीच खर्चिक नाही. चाकाचे नट आवळण्याआधी हब आणि रिम यांची तोंडे तारेच्या ब्रशने घासून घ्यावीत. नट समोरासमोर, आलटून पालटून आवळावेत, ओळीने नव्हे. आवळून झाल्यावर नट आणि हब यांवरून रंगाची एक सरळ रेघ ओढून ठेवावी. ड्रायव्हरने सकाळी चहा घेता घेता नजर टाकली तरी रेघ तुटलेली आहे का, म्हणजे नट फिरला आहे का, ते दिसते. नटाबाहेर बोल्टचे दोन तरी आटे दिसले पाहिजेत. ८.८ च्या बोल्टला ८ दर्जाचाच नट हवा. एक स्टड तुटला तर शेजारचे स्टडही थकलेले असणार हे धरून ते सगळे बदलावेत. तुटलेला एक तेवढा बदलून पुढची खेप काढू नये.

दुकानदारांनी दर्जाप्रमाणे वेगळी खोकी ठेवावीत आणि बिलावर जाडी-लांबीबरोबर दर्जाचा आकडा लिहावा. ग्राहकानेही तो मागावा. साध्या आणि हाय टेन्साइल बोल्टच्या किमतीतला फरक एका खेपेच्या भाड्यापुढे नगण्य आहे.

साखर कारखान्यांची जबाबदारी यापुढची आहे. वाहतुकीचे करार तेच करतात, ट्रॉली त्यांच्याच गव्हाणीपाशी रांगेत तासन्‌तास उभ्या राहतात. हंगामापूर्वीच्या तपासणीत रिफ्लेक्टरबरोबर चाकांचे नट, यू-बोल्ट, पिन आणि साखळी यांचा समावेश झाला पाहिजे. वाहनतळावर एक टॉर्क रेंच आणि एक प्रशिक्षित फिटर ठेवला तर रांगेतला रिकामा वेळ तपासणीचा वेळ होईल. परिवहन विभागाने या तपासणीला साधा नमुना ठरवून द्यावा. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांमधून फिटर आणि डिझेल मेकॅनिक तयार होतात; त्यांना टॉर्क रेंच माहीत असतो. या संस्थांनी आणि तालुक्यातल्या मोठ्या कारखान्यांनी मिळून गॅरेजवाल्यांसाठी हंगामाआधी एका दिवसाचे प्रशिक्षण घेतले तर फाटकाच्या आतले ज्ञान बाहेर येईल. हीच तपासणी जत्रेतल्या आकाशपाळण्यांना आणि रस्त्याकडेच्या जाहिरात फलकांनाही लागू आहे. तेही शेवटी बोल्टवरच उभे असतात.

जादा भार, खराब रस्ते आणि बेफाम वेग यांवरचे उपाय लांबचे आहेत. त्यांत पैसा, राजकारण आणि सवयी गुंतलेल्या आहेत. ते उपाय व्हायलाच हवेत, पण तोवर थांबण्याची गरज नसलेली ही एक गोष्ट आहे. ऊसतोड कामगारांची कुटुंबे अनेकदा त्याच ट्रॉलींतून गावाहून फडावर येतात आणि हंगाम संपल्यावर त्यांतूनच परत जातात. त्या ट्रॉलीच्या चाकात कोणत्या दर्जाचा स्टड आहे हे त्यांना कधीच कळणार नाही. ते कळून घेण्याचे काम ट्रॉलीच्या मालकाचे, ती दुरुस्त करणाऱ्याचे आणि ती वाहतुकीला लावणाऱ्या कारखान्याचे आहे.